मामाची मांडी

"मामा कुठंय? मामाला आणा आधी! पाटावर बसवा, आन् मांडी घट्ट घालाय सांगा!"

एक्केचाळीस वर्षं झाली, पण हा आवाज अजून माझ्या कानात वस्तीला आहे. बोलावलं नसताना येतो आणि ऊठ म्हटलं तरी उठत नाही, अगदी सोयऱ्यासारखा.

आवाज पोतदारअण्णांचा. माझ्या बहिणीच्या सासरच्या गावचे ते सोनार. पंचक्रोशीतल्या पोरांचे कान त्यांनीच टोचलेले. सोनारानं कान टोचले की दुखत नाही, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचा कान बहुधा तेव्हा दुसऱ्याचा असतो.

आणि मामा म्हणजे मी, बलभीम. वय वर्षं वीस. मला गुडघा खरचटला तर आठ दिवस अंथरूण धरावं लागायचं, दात पडला तर उशीचा अभ्रा लाल व्हायचा आणि शाळेत खो-खोच्या वेळी मी चपला राखायचो. अशा पोराचं नाव बलभीम ठेवणं हा आमच्या घरात झालेला एकमेव विनोद. तोही कुणी मुद्दाम केला नव्हता.

माझं रक्त गोठत नाही. तुमचं गोठतं, तुम्हाला त्याचं कौतुक नाही. दाढी करताना कापलं तर तुम्ही तुरटी फिरवता आणि कामाला लागता. माझं रक्त एकदा उंबऱ्याबाहेर पडलं की माघारी फिरायचं विसरतं.

त्या दिवशी माझ्या मांडीवर जो बसायचा होता, तो अक्काचा अकरा महिन्यांचा मुलगा. नाव सर्जेराव. पणजोबांचं नाव, कारण नाकही पणजोबांचं. कपाळ आजोबांचं. राग आजीचा. पायाची बोटं कोइमतूरच्या चुलत चुलत्याची. बारशाला सगळी वाटणी रीतसर झाली होती. अक्काकडून काय आलं, असं कुणी विचारलं नाही. ती बिचारी फक्त नऊ महिने सोबतीला होती.

अक्का म्हणजे शालन, माझी थोरली बहीण. तिचं सासर विट्याजवळ, आणि सासरे आबा हे गलाईवाले. आमच्या त्या भागातली माणसं पाण्यावाचून राहतात, पण सोन्यावाचून राहत नाहीत. गाव सोडून कोइमतूर, कालिकत, कुठंकुठं जातात, भट्टी मांडतात, जुनं मोडीचं सोनं तेजाबात उकळतात आणि त्यातलं तांबं, चांदी, जस्त काढून टाकून शुद्ध सोनं वेगळं करतात. आबांनी चाळीस वर्षं हेच केलं. त्यामुळं जगात दोनच गोष्टी असतात, शुद्ध आणि मिसळलेली, आणि हा फरक आपल्याला कळतो, असं त्यांना वाटायचं. सदऱ्याच्या खिशात कसोटीचा काळा दगड कायम. मिशी अशी की तीही घासून बघितलेली वाटावी.

अक्काला बघायला ते आले तेव्हा आमचीही कसोटी लागली. चार तास. माझ्या वडलांचे वडील कोण, त्यांचे वडील कोण, देवक कोणतं, पणजोबांच्या बहिणी कुठं दिल्या, त्यातली कुणी माघारी आली का. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, तरी ते कशानं गेले हे तीन वेगळ्या लोकांना तीनदा विचारून घेतलं. गोठ्यातल्या बैलाचे दातसुद्धा बघितले. शेवटी कुणीतरी विचारलं, "विहीणबाईंचं माहेर कुठलं?" तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर तो प्रश्न गिळला गेला. बाईचं माहेर ते काय, त्याला का मूळ असतं?

उठताना आबा म्हणाले, "माल शंभर नंबरी हाय."

माल आत चुलीपाशी बसून ऐकत होता.

पाहुणे गेल्यावर आईनं मला तुळशीपाशी नेलं. माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "तुझ्या रगताचं शालनच्या सासरी तोंडातनं काढलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"पाय मुरगळलाय म्हणायचं."

"दरवेळी?"

"दरवेळी."

अशा रीतीनं सोयऱ्यांच्या दफ्तरी मी वारंवार पाय मुरगळणारा तरुण म्हणून दाखल झालो.

खरं तर आईला एक माहीत नव्हतं, असं मी समजत होतो. पंधराव्या वर्षी माझा गुडघा कलिंगडाएवढा सुजला तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. आई तेव्हा बाहेर बाकड्यावर बसली होती. डॉक्टरांनी माझी भूगोलाची वही घेतली, मागच्या पानावर रेघा ओढल्या.

"हे बघ बलभीम. रक्त गोठवायची विद्या असते ना, ती एका धाग्यावर लिहिलेली असते. बाईकडं असे दोन धागे. पुरुषाकडं एकच. त्याच्या जोडीला एक आखूड तुकडा असतो, तो पोरगा घडवायच्या कामाचा. रक्ताचं त्याला काही ठाऊक नाही."

"मग मला बापाकडनं काय आलं?"

"तो तुकडा. त्यामुळं तू पोरगा झालास. आणि धागा आला आईकडनं. तिच्या दोन्हींतला एक धागा पक्का, एक कच्चा. पक्का आला असता तर तू पैलवान. कच्चा आला, म्हणून तू इथं."

"अक्काला काही होत नाही ते?"

"तिला एक आईचा मिळाला, एक वडलांचा. आईचा कच्चा आला असला तरी वडलांचा पक्का तिला सावरून धरतो. पण उद्या तिला मुलगा झाला की पुन्हा चिठ्ठी उचलायची. कच्चा धागा तिच्याकडं असेल, तर निम्मे मुलगे असे, निम्मे तसे."

"आणि माझी पोरं?"

"मुलगे सगळे ठणठणीत. त्यांना तू तुकडा देणार, धागा नाही. मुली सगळ्या हा कच्चा धागा घेऊन जाणार. स्वतः धडधाकट राहून."

आमच्याकडं वंश, कूळ, जमीन, मिशी, सगळं बापाकडून लेकाकडं चालतं. हा आजार तेवढा बायकांसारखा. आईच्या माहेरून निघतो, लेकीच्या डोलीत बसतो, वाटेत एका शब्दानं बोलत नाही, आणि तिच्या सासरी पोचल्यावर पाळण्यात डोळे उघडतो.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणलं डाक्टर?"

मी म्हणालो, "जपायचं म्हणाले."

आईला कसं सांगणार, की हे तुझ्याकडून आलं म्हणून? ती तर मी आजारी पडलो की मारुतीला नारळ फोडायची, आणि उपास करून स्वतः माझ्याहून पांढरी व्हायची. तेव्हा ते वहीचं पान मी फाडलं, खाल्लं म्हटलं तरी चालेल.

असो. कान टोचायच्या आधी पंधरा दिवस अक्काचं पत्र आलं. दोनच ओळी. "सर्जाचे कान टोचायचे ठरले आहे. तू नक्की ये, तू आलास की मला काळजी नाही." मी ते आमंत्रण समजलो. नवा पांढरा सदरा शिवून घेतला. माणूस शिकला की अक्षर वाचता येतं, पत्र वाचता येईलच असं नाही.

तर मी पाटावर बसलो. अंगणात मांडव, मागं दोन बकऱ्यांचा रस्सा रटरटत होता. दाजी, म्हणजे सर्जेरावांचे वडील, कोइमतूरला भट्टी सोडून येऊ शकले नव्हते. बाप नसला तरी कान टोचता येतात. मामा नसला तर येत नाहीत. बायका एका अंगाला बसून गात होत्या.

सोन्याची गं तार, बाळाच्या गं कानी
मामाच्या मांडीवर, राजा बसला मानी

अक्कानं सर्जाला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. ठेवताना माझ्याकडं बघितलं. मी हसलो. तिला हसू नको होतं, हे मला फार पुढं कळलं.

पोरगं गोड. दोन दातांचं. माझ्या सदऱ्याची गुंडी त्यानं तोंडात घातली. त्याचं झबलं वर सरकलं, आणि मी बघितलं. नडगीवर, मांडीवर, कुल्ल्यावर निळे डाग. एक पिकून हिरवा झालेला, एक ताजा. रांगणाऱ्या पोराला लागतं, पण असं पिकलेल्या जांभळासारखं नाही लागत. त्या शाईतली अक्षरं मला वाचता येत होती. माझ्या अंगावर वीस वर्षं तीच लिपी होती.

"हे डाग कसले?" मी नानीला विचारलं. नानी म्हणजे अक्काची सासू.

"नजर! काळा दोरा बांधलाय की. लई देखणं हाय न्हवं, आमच्यावर गेलंय."

पोतदारअण्णांनी पाळीवर कुंकवाचा ठिपका देऊन मध्य साधला. सोन्याची तार, टोकाला घासून अणकुचीदार केलेली, दिव्यावर धरली.

मी म्हणालो, "आज वार कुठला?"

"बुधवार."

"बुधवारी टोचतात?"

"बुधवारीच टोचत्यात," अण्णा म्हणाले.

"थंडीच्या दिवसांत टोचलं तर म्हणे लवकर..."

"थंडीच हाय ही, पावणं."

"पोराला सर्दी आहे वाटतं."

"सर्दी नाकाला अस्ती. मी कान टोचतोय."

अंगणभर हशा. आबा म्हणाले, "मामा भ्यालाय! आरं, पोराला धरायचंय तुला, बाळंत व्हायचं न्हाई."

मी आईकडं बघितलं. ती बायकांत बसली होती, पदर दातांत. तिनं मान किंचित हलवली. नाही. वर आकाश, खाली पाट, मध्ये आईची शपथ. सर्जा माझी गुंडी चोखत होता.

आणि तेवढ्यात नानीनंच माझी सुटका केली. "अगं बया, मामाचंच कान भुंडं हाईत की! बघा तरी! मामाचं बी टोचा आन्ना, एका तारंत दोन!"

खरंच होतं. आमच्या भागात पुरुषाचे कान टोचलेले असतात, माझे नव्हते. 'मारुतीचा नवस' असं आई सांगायची. बायकांनी टाळ्या पिटल्या. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, म्हणजे वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात पडतो तेवढा. आईनं म्हटलं होतं, तोंडातनं काढायचं नाही. कानातनं काढायला कुणी बंदी केली होती?

"मग आधी माझाच टोचा," मी म्हणालो. "भाच्यानं बघितलं की मामा रडत नाही, तर तोही रडायचा नाही."

"बलभीम!" आई ओरडली.

"काय आई?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. "काय न्हाई," ती म्हणाली. "सदरा खराब हुईल म्हनलं."

अण्णांनी टोचलं. तार वळवून कडी केली. दुखलं, आणि रक्ताचा एक थेंब आला. मी वाट बघत बसलो. आता वाहील, हे लोक घाबरतील, विचारतील, कुणीतरी डॉक्टर आणील, आणि डॉक्टर सगळं सांगेल. माझी शपथ शाबूत, भाचा शाबूत. केवढा मी हुशार!

आणि रक्त थांबलं.

आमच्या रक्ताची ही खोड डॉक्टरांनी सांगितली होती, मी विसरलो होतो. वरवरची जखम पहिल्यांदा इतरांसारखीच बंद होते. कडी लागते, पण आतून अडसर बसत नाही. घटकाभरानं, दोन घटकांनी दार आपोआप उघडतं. वीस वर्षं ज्या रक्तानं माझी लाज काढली, ते आज नेमकं चारचौघांत सभ्य माणसासारखं वागत होतं.

"झालं! मामा शूर निघाला," अण्णा म्हणाले. "आता भाचेराव."

भाचेराव झोपले होते. माझी गुंडी तोंडात धरून, लाळ गाळत.

नानी म्हणाली, "झोपल्यालं लेकरू टोचू नये. जेवनं हू द्या, उठल्यावर बघू." नानीचे मी आजवर मनातल्या मनात बरेच वाभाडे काढले आहेत, पण ते एक वाक्य तिच्या नावावर जमा आहे.

पुरुषांची पंगत बसली. मी आबांच्या शेजारी, मानाचा पाहुणा. आबा मला घराणं समजावून सांगत होते. "रगत मंजे काय, बलभीमराव? सोनंच. पिढ्यान्‌पिढ्या गाळून आल्यालं. आमच्यात सात पिढ्यांत कुनी येडं न्हाई, लंगडं न्हाई, आंधळं न्हाई. ह्ये कुठनं आलं?"

"कुठनं?"

"बापाकडनं! बी चांगलं तर पीक चांगलं. बाई मंजे जमीन, तिचं काय असतं? पेराल ते उगवंल."

"अगदी," मी म्हणालो.

"शालन चांगली हाय, तिला नावं ठेवत न्हाई. पर सर्जा आमचाच."

आत बायका गात होत्या. आईचा आवाज त्यात मला ओळखू आला.

बापाचं गं नाव, वेशीवर गाजं
आईचं गं लेणं, मुक्यानं साजं

दुसऱ्यांदा रस्सा वाढला गेला, आणि माझ्या भातावर एक लाल थेंब पडला. मी तो रश्श्याचा समजून कालवला. मग दुसरा पडला. मग खांद्यावर ऊब जाणवली. दार उघडलं होतं.

"आरं, आरं, आरं!" आबा उठले. पंगत उठली. हळद आली, चुना आला, कुणी भिंतीवरचं कोळ्याचं जाळं काढून आणलं, कुणी चहाची पावडर. माझ्या कानावर एक छोटंसं किराणा दुकान मांडलं गेलं. रक्त त्या सगळ्याला वळसा घालून खाली येत राहिलं. अर्धा तास गेला. नवा पांढरा सदरा एका बाजूनं लाल झाला. पोतदारअण्णांचा चेहरा त्या सदऱ्याच्या दुसऱ्या बाजूसारखा.

"आसं कधी झालं न्हाई," ते म्हणत होते. "तीस वर्सं टोचतोय. आसं कधीच..."

मी मनातून खूष. आता विचारा. विचारा ना, पाव्हणं, हे काय? डॉक्टरला बोलवा.

आबांनी हात वर केला. त्यांनी माझ्या कानाजवळ वाकून बघितलं, बराच वेळ, अनुभवी माणसासारखं. मग म्हणाले, "तार आना."

"आँ?"

"उरल्याली तार आना, पोतदार."

अण्णांनी दिली. आबांनी खिशातून कसोटी काढली, तार दगडावर घासली. पिवळी रेघ उमटली. कुपी आणवली, तेजाबाचा थेंब टाकला. सगळं गाव वाकून बघतंय, आणि मी बाजूला बसून गळतोय. रेघ पुसट झाली.

"तांबं!" आबा म्हणाले. "वीस टक्के तांबं हाय ह्यात. कान सडवाय निघालायस व्हय रं? हिनकस मालानं पावन्याचं रगत नासलं!"

"आबा, तारंत तांबं घालावंच लागतं," अण्णा रडकुंडीला आले. "निस्तं सोनं मऊ. वाकतं. टोचत न्हाई."

"मला सोनं शिकवतोस?"

चाळीस वर्षं ज्यानं सोन्यातली खोट काढली, त्याला समोर माणसाचं रक्त वाहताना दिसलं, आणि त्यानं खोट कशात शोधली? सोन्यात. त्याची चूक म्हणू नये. ज्याच्या हातात कसोटी असते, त्याला जग रेघेसारखं दिसतं.

आबांनी आतून पेटी आणवली. स्वतः गाळलेल्या सोन्याची, शंभर नंबरी तार काढली. "ही घाल सर्जाला. आधी सुईनं टोच, मंग ही ववून घे. शुद्ध सोन्याला अंग कधी न्हाई म्हनत न्हाई."

आणि तेवढ्यात सर्जेराव उठले.

म्हणजे माझ्या रक्ताचं फलित एवढंच, की पोराला जास्त शुद्ध सोन्यानं मारायचं ठरलं.

मला पुन्हा पाटावर बसवलं. कानाला पंचा बांधलेला, तो भिजलेला. सर्जा मांडीवर. अण्णा सुई दिव्यावर धरत होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, एवढं मला आठवतं. आईकडं बघितलं. तिचा चेहरा मातीसारखा. मी तोंड मिटलं. पुढं लोक मला म्हणाले, तू काय शूर, स्वतःचा कान दिलास. कान देणं सोपं असतं. मी तो दिला, कारण तोंड द्यायची छाती नव्हती.

सुई पाळीपाशी आली. आणि माझ्या मांडीवरचं ओझं एकदम हलकं झालं.

अक्का उभी होती, सर्जाला छातीशी धरून. डोक्यावरचा पदर मागं गेला होता, तो तिनं सावरला नाही.

"टोचायचं न्हाई," ती म्हणाली.

"शालन!" नानी ओरडली. "पुरुषांत काय आलीयास?"

"टोचायचं न्हाई. सर्जाला तेच हाय, जे बलभीमाला हाय. तारंत खोट न्हाई आबा, रगतात हाय. टोचलं तर माझं पोरगं वाहून जाईल."

आबांच्या हातात तार तशीच. "तुला कुनी सांगितलं?"

"मिरजंच्या डाक्टरांनी. सातव्या महिन्यात पाळण्याची कडी लागून ह्याचा ओठ आतनं फाटला. दोन दिवस रक्त. नानी म्हनल्या, दात येत्यात. मी तुमाला सांगितलं, माहेरी चाललेय. माहेरी गेलेच न्हाई. चार दिवस मिरजेला हुते, एकली. बाटलीतनं दुसऱ्याचं रक्त चढवलं तवा थांबलं." मग ती माझ्याकडं वळली. "मी तुला लिवलं. म्हनलं, मामा येईल, मामा बोलंल. मामाचं ऐकत्यात. तू आलास आन् कान पुढं केलास."

माझ्या कानातून उत्तर वाहतच होतं.

"पर आमच्यात तर कुनालाच..." आबा म्हणाले. "सात पिढ्या..."

"तुमच्याकडनं न्हाई आबा. माझ्याकडनं आलंय."

"तुझ्याकडनं? तुला तर काय बी झालेलं न्हाई. ठणठणीत हाईस."

"मला हुत न्हाई," अक्का म्हणाली. "माझ्यातनं जातं."

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मला त्याच दुपारी जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. अक्काला सासरच्यांनी आमच्याकडं आणून सोडलं. आठ महिने ती आमच्याकडं होती. मग दाजी कोइमतूरहून आले, सासरच्या घरी न जाता थेट आमच्या दारात, आणि बायको-पोराला घेऊन परस्पर माघारी गेले. कारण काय सांगितलं? "तिकडं दवाखाना जवळ हाय." फार बोलणारे गृहस्थ नव्हेत. सर्जा आज बेचाळीस वर्षांचा आहे, गुडघे वाजतात, स्वभाव नानीचाच, आणि सुया तो आता स्वतःच्या हातानं टोचून घेतो, औषधाच्या. आबांचा राग पुढं निवळला; नातवाला त्यांनी शेवटपर्यंत मांडीवर घेतलं, पण नाक कुणाचं हे पुन्हा काढलं नाही. मला एक मुलगी आहे. धडधाकट. तिला बघायला पहिले पाहुणे आले तेव्हा आम्ही चहाच्या आधी सगळं सांगितलं. दोन स्थळं चहा न पिता गेली. तिसऱ्यानं ऐकून घेतलं, आणि चहा मागून घेतला. जावई म्हणून मला तो तिथंच पसंत पडला.

हे सगळं नंतरचं. त्या अंगणात मात्र तेव्हा कुणी रश्श्याकडं बघत नव्हतं. चुलीवरचा रस्सा करपत होता, त्याचा वास येत होता. आबांनी तार पेटीत ठेवली, आणि सावकाश म्हणाले, "मंजे खोटी पोरगी गळ्यात मारली आमच्या. घेऊन जा म्हनावं तिला. ह्या पोरीतच खोट..."

तेव्हा बायकांतून आई उठली. ती आबांसमोर कधी तोंड वर करून उभी राहिली नव्हती. पदर दातांतून सुटला होता.

"पोरीला बोलू नगा," ती म्हणाली. "तिच्यात कुठनं आलं? माझ्यातनं आलं. माज्या आईतनं माज्यात आलं."

मी आईकडं बघत राहिलो. जे पान मी पाच वर्षांपूर्वी तिच्यापासून लपवून फाडलं होतं, ते ती पाठ म्हणत होती.

"मला दोन भाऊ हुते, आबा," आई म्हणाली. मी जन्मात हे ऐकलं नव्हतं. "थोरला हरी, धाकला दत्तू. हरीचं कान टोचलं आन् तिसऱ्या दिशी गेला. दत्तूचं टोचलं न्हाई, तर नऊ वर्सांचा हून दात पडल्यावर गेला. माज्या आईनं मला शपत घातली, सासरी सांगू नगस. मी ह्या पोराला घातली. शालनला बघाय आला तवा तुमच्यातल्या एकानं इचारलं हुतं, विहीनबाईंचं माहेर कुठलं. मी दाराआड उबी हुते, आबा. सांगायचं म्हनून तोंड उघडलं हुतं. मंग मीच पोरीच्या हातात चहा दिऊन भाईर धाडली."